चाळीस किलो जास्त: शापोऱ्यात बोटीचं इंजिन बदलताना

जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, काढून फोर-स्ट्रोक बसवायच्या विचारात असलेले आमच्या गोव्यातल्या शापोरा नदीच्या काठावर बरेच जण आहेत. सगळे आधी किंमत विचारतात, मग पेट्रोल किती वाचतं ते. वजन कुणी विचारत नाही आणि विकणाराही आपणहून सांगत नाही. मी २०२४च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत या कामात होतो. त्यात बोटीच्या चालीचं गणित जेवढं कळलं आणि कागदांसाठी जेवढं फिरलो, ते सगळं इथे लिहितो. कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो गाळला तर वाचून उपयोग नाही.

बोट १९ फुटी, फायबरची, उघडी. मधोमध उभं राहून चालवायचा कन्सोल आणि मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, एक इंजिन. धंद्याची नाही. मी म्हाप्शाला नोकरी करतो आणि सुट्टीला चुलतभावाबरोबर गरी टाकायला जातो. चोपड्याहून निघायचं, शिवोलीच्या पुलाखालून मोरजीच्या बाजूने नदीच्या मुखापर्यंत जायचं, आणि हवा बरी असली तर बाहेर.

जुनं इंजिन ४० हॉर्सपॉवरचं. मार्चमध्ये त्याचं कॉम्प्रेशन एका सिलिंडरला फारच पडलं. पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि मजुरी धरून जो आकडा पुढे आला तो बघून आम्ही दोघे गप्पच बसलो. एवढे पैसे घालून पुन्हा तोच धूर आणि तेच पेट्रोलमध्ये तेल मिसळणं! मग मालवणच्या एका ओळखीच्या माणसाकडे दोन वर्षं वापरलेलं ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आहे असं कळलं. कंट्रोल, केबल आणि मीटरसकट तीन लाख ऐंशी हजारांना सौदा ठरला.

पैसे देण्याआधी मी रजा टाकून पणजीला बंदर कप्तान खात्यात जाऊन आलो. हे आधी कराच. बोटीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनचा मेक, हॉर्सपॉवर आणि नंबर लिहिलेला असतो. इंजिन बदललं की तो बदल नोंदवून घ्यावा लागतो आणि त्याआधी तपासणी होते. देशांतर्गत जलवाहतुकीला आता १९१७च्या जुन्या कायद्याऐवजी २०२१चा इनलँड व्हेसल्स कायदा लागू आहे. त्यामुळे कुणी ‘आमच्या वेळी असंच चालायचं’ म्हणालं तर ऐकून घ्या आणि खिडकीवर जाऊन स्वतः विचारा.

माझ्याकडून मागितलं गेलं ते असं: अर्ज, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, इंजिनाचं मूळ बिल, विकणाऱ्याचं विक्रीपत्र, त्याच्या बोटीच्या नोंदीतून हे इंजिन उतरवल्याचं पत्र, विम्याची प्रत आणि प्रतिज्ञापत्र. विकणारा महाराष्ट्रातला असल्यामुळे इंजिन उतरवल्याच्या पत्राला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याची बोट तिकडच्या मेरीटाइम बोर्डाकडे नोंदलेली होती. मी सौद्यातच ठरवून टाकलं की पंचवीस हजार मागे ठेवतो, पत्र हातात आलं की देतो. पत्र जूनच्या अखेरीस आलं. पैसे मागे ठेवले नसते तर ते कधी आलं असतं कुणास ठाऊक.

आणखी एक. इंजिनाच्या ब्रॅकेटवर नंबरची छोटी पट्टी असते, तिचा फोटो इंजिन जमिनीवर असतानाच काढून ठेवा. बोटीवर चढवल्यावर केबलींच्या गर्दीत ती पट्टी धड दिसत नाही. बिलावरचा नंबर अक्षर न् अक्षर तपासा. आमच्या बिलावर इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य होता आणि तेवढ्यासाठी पुन्हा मालवण गाठावं लागलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात बोट वर ओढली. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, पावसात समुद्र तसाही बंदच, त्यामुळे असली कामं त्याच दिवसांत करतात. इंजिनाचं काम बघायला वेंगुर्ल्याचे एक जुने मेकॅनिक येणार होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. जुनं इंजिन काढायला मी पाने घेऊन तयार, तर काका म्हणाले, “थांब रे झिला. आधी बोट तोलून बघ. मगे काय ता काढ.”

तोलायचं म्हणजे काय ते तेव्हा बघितलं. नारळाच्या झाडाचा एक गोल ओंडका घेतला आणि बोट त्यावरून आडवी सरकवत नेली. दोन्ही बाजूंना माणसं धरायला. इंजिन, बॅटरी, भरलेल्या टाक्या, नांगर, सगळं नेहमीच्या जागी. ओंडका पुढे असेतो बोट मागच्या टोकावर बसलेली. मग दोन-दोन बोटं मागे घेत गेलो आणि एका जागी ती अलगद उचलली गेली. एका हाताने नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, दाबली की खाली, सोडली की वर. काकांनी खिशातून खडू काढला आणि त्या जागी बाहेरून उभी रेघ मारली. टेप लावला तर ट्रान्समपासून २.१ मीटर. बोटीचा गुरुत्वमध्य तिथे.

या रेघेवर पुढचं सगळं काम उभं आहे. पैसे शून्य, माणसं चार लागतात. तुमची बोट आज नीट चालत असेल तर इंजिन काढायच्या आधी एवढं करूनच घ्या.

मग जुनं इंजिन उतरवलं आणि ट्रान्समवर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं. चांगल्या जागी टणक आवाज येतो. बोल्टांच्या भोकांभोवती आवाज बद्द येत होता, म्हणजे आतल्या प्लायमध्ये पाणी मुरलेलं. चाळीस हॉर्सपॉवर त्याने सोसले होते, साठाचा जोर आणि जादा वजन सोसलं नसतं. कुजलेलं प्लाय कापून काढलं, १२ मिलिमीटरचे मरीन प्लायचे तीन थर रेझिनने चिकटवले आणि वरून फायबरचे थर दिले. जूनमध्ये हे काम करायचं तर वरून ताडपत्री हवीच आणि प्लाय कोरडं ठेवणं हीच खरी कसरत. ओलसर प्लायवर रेझिन धरत नाही. पावसाने दोन आठवडे उसंत दिली नाही, प्लायचे तुकडे आमच्या माजघरात पंख्याखाली पडून. आई रोज विचारायची की हे दार कुठल्या खोलीचं. मजुरीसकट एकतीस हजार गेले.

ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या आधी, चेन पुली लावून नवं इंजिन चढवलं. जुनं सुमारे ७५ किलोचं, हे ११५च्या आसपास. बोट पाण्यात सोडली आणि मागे पाणी बाहेर जायला जी भोकं असतात ती पाण्याच्या पातळीला येऊन टेकली. माणूस मागे उभा राहिला की पाणी आत.

चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर पहिल्यांदा चालवून बघितली. खात्याकडे अर्ज आधीच दिला होता आणि तपासणी होईपर्यंत फक्त नदीत, रिकामी चाचणी करू असं विचारून घेतलं होतं. थ्रॉटल दिला तर नाळ अशी वर गेली की समोर आभाळच. बराच वेळ ती तशीच पाणी नांगरत राहिली, मग कशीबशी पाण्यावर चढली. मोबाईलच्या जीपीएसवर १८ नॉट्स (ताशी सुमारे ३३ किलोमीटर) झाले आणि नाळ वर-खाली व्हायला लागली. पाणी सपाट, वारा नाही, कुठली बोट पुढून गेलेली नाही, तरी एका तालात वर, खाली, वर, खाली. वेग वाढवला तर उड्या मोठ्या. चुलतभाऊ पुढच्या बाकावर होता, तो उतरल्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, जुनंच बरं होतं.”

याला पोर्पॉइझिंग म्हणतात. वेगात असलेली बोट तरंगत नसते, तळाखालून जाणारं पाणी तिला उचलून धरतं. वेग वाढतो तशी ही उचल तळाच्या मागच्या भागात जाते, कारण पुढचा भाग पाण्याबाहेर आलेला असतो. वजनाचा मध्य फार मागे असला की नाळ उचलली जाते, उचलली की पुढची उचल कमी होते, मग नाळ आपटते, आपटली की पुन्हा उचल. हा झोका थांबतच नाही. वजन पुढे आणलं किंवा इंजिनाचा कोन (याला ट्रिम म्हणतात) आत घेतला, म्हणजे पंखा (प्रॉपेलर) बोटीच्या बाजूला ओढला, तर नाळ दबते आणि झोका मोडतो.

काठावर सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने इंजिनाला लावायचं प्लास्टिकचं फिन सुचवलं, एकाने पंखा बदलायला सांगितलं, एक जण तर ट्रिम टॅब, म्हणजे ट्रान्समला खाली लावायच्या हलत्या पट्ट्या, बसवून घे म्हणाला, त्याचा खर्च पाऊण लाख. काकांनी फक्त मागे वाकून बघितलं. “मागसून दबता हा. जा, पाण्याचे कॅन घेऊन ये.”

वीस लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे वीस किलो, याच्याइतकं सोयीचं माप नाही. दोन कॅन नाळेत ठेवले. उड्या जवळजवळ गेल्या. पण मागून एक ट्रॉलर गेला आणि त्याच्या लाटेत आमची नाळ आत घुसली, पाणी सरळ कन्सोलपर्यंत. तिथे मला दुसरी गोष्ट कळली. टोकाला वजन टाकून तराजू बरोबर होतो, पण दोन्ही टोकांना जड झालेली बोट लाटेवर उशिरा उठते. तिचा तोल साधायचा तो मागचं वजन मध्यावर आणून, पुढे नवं वजन लादून नव्हे. कॅन मध्याकडे सरकवत नेले तसा फरक कळत गेला.

मग घरी बसून हिशेब मांडला. सोपा आहे. वजन गुणिले गुरुत्वमध्यापासूनचं अंतर. नवं इंजिन चाळीस किलो जास्त आणि ते खडूच्या रेघेपासून २.४ मीटर मागे (ट्रान्समपर्यंत २.१ आणि इंजिनाचा स्वतःचा मध्य त्याहून फूटभर बाहेर). चाळीस गुणिले २.४ म्हणजे ९६. एवढा ओढा मागे वाढला होता. बोट सगळ्या सामानासकट साडेपाचशे किलोच्या आत, त्यामुळे तिचा मध्य सात इंच मागे गेला असणार. सात इंच ऐकायला काहीच नाहीत, १९ फुटी बोटीला ते फार होतात.

आता मागचं काय हलवता येईल? बॅटरी २५ किलो, ट्रान्समला लागून, रेघेपासून १.८ मीटर. ती कन्सोलखाली रेघेवर आणली की ४५ कमी. पेट्रोलच्या दोन टाक्या, प्रत्येकी २५ लिटरच्या. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच्या जरा आत, म्हणजे भरलेली टाकी २२ किलो. रेघेपासून १.६ मीटर मागे होत्या. एक मध्यावर आणली की ३५ कमी. ९६मधून ८० गेले, उरले १६. हे कुणाला एक पाऊल पुढे बसवलं तरी भरून निघतात.

दुसरी टाकी मागेच ठेवली. नाहीतर बोट उलट पुढे दबली असती. फक्त आता मागची टाकी आधी वापरतो. ती रिकामी होते तशी बोट मागून हलकी होत जाते. मधली टाकी मध्यावरच असल्याने ती भरलेली असो की रिकामी, तोल हलत नाही.

हे करताना दोन गोष्टींना पैसे लागले. बॅटरी लांब गेली की स्टार्टरला वीज कमी पोचते, म्हणून केबल जाड घ्यावी लागते. तांब्याची चांगली केबल, तिच्या टोकांचे लग, बॅटरीची पेटी आणि स्विच मिळून साडेसात हजार. पेट्रोलचा पाइप लांब झाला, त्याला बाराशे. टाकी कुठल्याही बंद कप्प्यात ठेवू नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचून राहते. आमची टाकी कन्सोलच्या पुढच्या बाकाखाली उघड्यावर, पट्ट्याने बांधलेली आहे, आणि बॅटरी कन्सोलच्या आत, मध्ये फायबरची भिंत.

इतकं झाल्यावर इंजिनाच्या उंचीकडे वळलो. पंख्याच्या वर जी आडवी सपाट पट्टी असते ती साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत हवी. आमची दीड इंच खाली होती, कारण इंजिन ब्रॅकेटच्या सगळ्यात वरच्या भोकात अडकवलेलं, आणि तसं केलं की ते सगळ्यात खाली बसतं. इतकं खाली असलं की इंजिनाचा पाय पाण्यात ओढ देतो, आणि जोर जेवढा खालून लागतो तेवढी नाळ वर जाते. ब्रॅकेटवर भोकांमध्ये पाऊण इंचाचं अंतर असतं. एक भोक वर घेतलं, चालवलं. दुसरं भोक, पुन्हा चालवलं. आता पट्टी तळाला येऊन मिळाली. तिसरं घेऊन बघितलं तर वळताना पंखा हवा ओढायला लागला, इंजिन एकदम किंचाळलं, म्हणून परत दुसऱ्यावर. उंची बदलली की कूलिंगच्या पाण्याची धार तेवढ्याच जोरात येते ना, ते दर वेळी बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. वजन आणि उंची एका दिवशी हलवली असती तर कशाने काय झालं ते कळलंच नसतं.

पंखा बदलावा लागला नाही. या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर ५००० ते ६००० आरपीएम (मिनिटाला फेरे) सांगितलेले आहेत. आधी ते कसेबसे ५००० गाठत होतं, आता दोघे असताना ५७००, पाच जणांना घेऊन ५३००. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकेल ते अंतर, एक इंच कमी-जास्त केला की दीडशे-दोनशे आरपीएमचा फरक पडतो, पण तो विचार तोल साधल्यावरच करायचा. सप्टेंबरात पंखा बदलला असता तर चुकीच्या बोटीला बरोबर पंखा मिळाला असता. उड्या आता २६ नॉट्सला, ट्रिम फार बाहेर काढला तरच सुरू होतात, आणि बटण जरासं दाबून आत घेतलं की थांबतात.

दसऱ्यानंतर खात्याला कळवलं आणि तपासणीची तारीख मिळाली. सर्व्हेअरने इंजिनाचा नंबर कागदाशी ताडला, ट्रान्समचं काम हात फिरवून बघितलं, लाइफ जॅकेटं मोजली, अग्निशामकाची तारीख वाचली, बॅटरी आणि टाकीची जागा बघितली. ट्रान्समच्या दुरुस्तीचे फोटो मी थराथराला काढून ठेवले होते ते कामी आले, कारण वरून फायबर चढल्यावर आतलं प्लाय नवं की जुनं हे कुणाला कसं दिसणार. चलन भरलं आणि दिवाळी उलटल्यावर नवी नोंद झालेलं प्रमाणपत्र हातात आलं. ते घेऊन विमा कंपनीकडून पॉलिसीतही इंजिनाचा बदल करून घेतला. हे बहुतेक जण विसरतात, आणि दावा करायची वेळ आली की तिथेच अडतं.

नोव्हेंबरात पहिल्यांदा मुखाबाहेर गेलो. शापोऱ्याच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत, ओहोटीचं पाणी आणि समोरून येणारा दुपारचा वारा भिडला की लाट आखूड आणि उभी होते. तिथे ट्रिम पूर्ण आत, वेग कमी, आणि नाळेने लाट कापत जायचं. बाहेर मोकळं पाणी आलं की ट्रिम हळूहळू बाहेर काढायचा, स्टिअरिंग हलकं होईपर्यंत. पूर्वी १४ नॉट्सच्या खाली गेलो की बोट बसायची, आता ११ला पण पाण्यावर राहते, म्हणजे खवळलेल्या पाण्यात सावकाश येता येतं.

एक अडचण शिल्लक आहे. सहा जण असले आणि त्यातले तिघे गप्पा मारायला मागच्या बाकावर गेले की बोट पुन्हा उड्या मारते. माणूस सत्तर किलोचा, म्हणजे तिघे मागे गेले की इंजिनाचा सगळा हिशेब पाण्यात. चुलतभावाला त्यावर ते प्लास्टिकचं फिन हवं आहे. मला नको, कारण ते मागून उचल देतं हे खरं, पण त्यासाठी इंजिनाच्या पट्टीला भोकं पाडावी लागतात आणि ओढही वाढते. सध्या मी पाहुण्यांना बसायच्या आधीच जागा सांगतो, आणि चुलतभाऊ दर वेळी फिनची किंमत.